तुरा

[दृश्य : करवीर तालुका, नोव्हेंबरची सकाळ. उसाच्या फडावर तुरे. मागे गुऱ्हाळाचा धूर.]

नोव्हेंबरात कोल्हापूरबाहेर कुठल्याही रस्त्यानं निघा, उसावर तुरे डोलताना दिसतात. फोटो काढणाऱ्याला ते देखणे वाटतात. माझ्या भावाला नाही. "तुरा आला म्हणजे ऊस वाढायचा थांबला," तो म्हणतो. "तोड लांबली की आतनं दशी पडतीय, पोकळ होतोय ऊस."

हा तुरा ठरतो खूप आधी. पावसाळा उतरताना दिवस आकसत साडेबारा तासांच्या आसपास येतो, तेव्हाच शेंड्याच्या कोंबात फुलाची तयारी सुरू होते. बाहेर काहीच दिसत नाही. तुरा दिसेपर्यंत दोन-अडीच महिने गेलेले असतात.

याच बांधावर भाच्यानं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुंडीतलं हिरवंगार झाड, जेमतेम गुडघाभर, आणि शेंड्याला दाटून आलेली फुलं. "आत्या, हे दिवस बघतच नाही. वय झालं की आपोआप फुलतंय. एक लावून बघू का गच्चीवर?"

झाड गांजाचं होतं.

मी तेव्हा "नको" एवढंच म्हणाले. विशीतल्या पोराला नुसतं "नको" पुरत नाही, आणि ते पुरावं असं मलाही वाटत नाही. त्याचा प्रश्न खरा होता. झाडाला फुलायची वेळ कळते कशी? हा लघुपट म्हणजे त्याला दिलेलं उशिराचं उत्तर.

[दृश्य : निपाणीकडचं तंबाखूचं शेत.]

या प्रश्नाचं पहिलं पक्कं उत्तर तंबाखूनं दिलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड तंबाखूच्या एका वाणानं हैराण झाले होते. 'मेरीलँड मॅमथ' त्याचं नाव. उन्हाळाभर तो माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र छोटं रोपही फुलायचं. खत बदललं, पाणी बदललं, काही फरक नाही. शेवटी झाडं दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, दिवस कृत्रिमपणे आखूड केला, आणि भर उन्हाळ्यात फुलं आली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले. त्यातून कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्यात थोडा वेळ दिवा लावला, तरी त्याची मोजणी मोडते.

ऊस, सोयाबीन, शेवंती, ताग ही सगळी याच गोत्रातली, रात्र लांबली की फुलणारी. गांजाही मुळात तसाच.

मग भाच्याच्या व्हिडिओतलं झाड वेगळं का?

[दृश्य : नकाशा. कोल्हापूरवरून बोट उत्तरेकडे सरकतं, व्होल्गा नदीपर्यंत.]

कोल्हापुरात जूनमधला सगळ्यांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि डिसेंबरातला सगळ्यांत लहान सुमारे ११ तासांचा. वर्षभरात फरक दोनच तासांचा. रशियात व्होल्गाकाठी उन्हाळ्यातला दिवस १६ तासांच्या पुढे जातो. रात्र लांबेपर्यंत थांबलेलं झाड बी धरायच्या आत थंडीत सापडतं. तिथल्या रानटी भांगेतली, म्हणजे गांजाच्याच झाडांतली, जी झाडं रात्रीची वाट न पाहता वयावर फुलली, त्यांचं बी पिकलं आणि उरलं. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये या बुटक्या रानटी प्रकाराला 'रुडेरालिस' नाव दिलं, म्हणजे पडीक, राडारोड्याच्या जागी उगवणारा. आजच्या 'ऑटोफ्लॉवर', म्हणजे आपोआप फुलणाऱ्या, जाती याच्याशी संकर करून काढल्या. उगवल्यावर तीन-चार आठवड्यांत कळी, आणि अडीच-तीन महिन्यांत सगळा खेळ संपतो.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की हा गुण टंचाईतून आला आहे. उन्हाळा अपुरा पडला म्हणून झाडानं घड्याळ बदललं. कोल्हापूरच्या गच्चीला ती अडचण कधी नव्हतीच.

असे व्हिडिओ बनतात तिथला कायदाही निराळा. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रीय कायदा घरटी ४ झाडांना मुभा देतो. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरात ३ झाडं लावता येतात. नवशिक्याला तिथं हे झाड सोपं म्हणून सांगतात. बुटकं, झटपट, आणि अंधाराचं वेळापत्रक सांभाळायला नको.

आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे. एनडीपीएस म्हणतात तो. त्यात 'कॅनाबिस वनस्पती' म्हणजे गांजा-भांगेच्या प्रजातीतलं कुठलंही झाड. म्हणजे रुडेरालिस आलं, संकर आला, बुटकं आलं, उंच आलं. आणि तरुण पोरांना जे बहुधा ठाऊक नसतं, ते मी भाच्याला दोनदा वाचून दाखवलं. गांजा जवळ सापडला तर शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत कैद. लागवडीला मात्र वजनाची पायरीच नाही. कलम २० प्रमाणे १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किती झाडं, ते कलम विचारत नाही. एक कुंडीसुद्धा लागवडच.

धागा आणि बियांसाठी परवानगी द्यायची वाट कायद्यात आहे. उत्तराखंडनं २०१८ मध्ये तसे परवाने सुरू केले, नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असण्याच्या अटीवर. शाहूपुरीतल्या गच्चीवर तसला परवाना पोचत नाही.

हे सगळं ऐकून भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे घड्याळ बघायचंच नाही?"

[दृश्य : गच्ची. तीन कुंड्या, काटेरी दांडे, हातासारखी चिरलेली पानं.]

बघायचं की. त्यासाठी अंबाडी आहे.

हिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, आणि त्यातलं 'कॅनाबिनस' म्हणजे भांगेसारखं. इंग्रजीत हिला 'डेक्कन हेम्प', दख्खनची भांग, असंही म्हणत आले. वरची पानं लांबून खरंच तशी दिसतात. जवळून पाहा. भांगेच्या पानात प्रत्येक बोट देठापर्यंत सुटं असतं. अंबाडीचं पान एकच, खोल चिरलेलं. दांड्यावर बारीक काटे. कूळ जास्वंदीचं, नशा कसलीच नाही. बैलांची दावी हिच्याच वाखाची वळत. आणि कण्या घालून, वरून लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी भाकरीबरोबर ज्यानं खाल्ली आहे, त्याला मी तिची ओळख काय सांगू!

बी मागताना हिरवी, चिरलेल्या पानाची म्हणून सांगावं लागतं, कारण लाल देठाची अंबाडी वेगळी. पहिली कुंडी जूनमध्ये पेरली, दुसरी ऑगस्टच्या मध्याला. शेजारी टोमॅटो ठेवला, कारण तो रात्र मोजत नाही. जूनची अंबाडी माझ्या खांद्याला लागली, ऑगस्टची गुडघ्याला. वयात दोन महिन्यांचा फरक. टोमॅटो केव्हाच आपल्या वयानं फुलून गेला.

ऑक्टोबरात एका सकाळी भाच्याचा फोन आला. "आत्या, दोन्हीला एकाच आठवड्यात कळ्या!"

फिकट पिवळं फूल, पोटात गडद तांबडं. सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. खांद्याएवढ्या झाडावर एक, गुडघ्याएवढ्यावर एक. दोघींनी एकच रात्र मोजली होती.

[दृश्य : गच्चीचा कोपरा, जिन्याच्या दाराशी तिसरी कुंडी.]

तिसरी कुंडी त्यानं मला न विचारता जिन्याच्या दिव्याखाली ठेवली होती. तो दिवा रात्रभर जळतो. तीही जूनचीच, तिघींत सगळ्यांत उंच, पानं रसरशीत. कळी एकही नाही. गेल्या गुरुवारपासून भाचा रोज संध्याकाळी सात वाजता वर जातो, तिच्यावर खोकं उलटं घालतो आणि सकाळी सातला काढतो. वहीत तारखा लिहितोय.

आज सहावी रात्र.