खोलगडाच्या उतारावरची मिरसांग

श्रोतेहो, नमस्कार. चतुर्थी झाली, चाकरमानी परतले, आणि पाऊस अजून पुरता हटलेला नाही. डोंगरावर जायला याहून बरे दिवस मला तरी माहीत नाहीत.

मडगावहून असोळणा, वेळ्ळी, बेतूल करत निघालं की साळ नदी मागे पडते आणि रस्ता चढायला लागतो. बाराडी, काणागिणी, मग तांबड्या जांभ्याचा उघडा सडा. त्यावर सुटी सोडलेली गुरं, रस्त्यात बसली की उठायचं नाव नाही. पुढे समुद्रात घुसलेलं टोक, तोच खोलगड, म्हणजे काब द राम. सोंध्याच्या राजाकडून पोर्तुगीजांनी हा गड १७६३ मध्ये घेतला. पुढे त्याचा तुरुंग केला, तो १९५५ पर्यंत चालला. बुरुजावरून दर्या दिसतो, फोटो काढले जातात आणि लोक गाडी वळवून आगोंदच्या किनाऱ्याला लागतात.

मीही कित्येक वर्षं तेच केलं. गडाला ज्या 'खोल' नावाच्या गावाचं नाव, त्या गावच्या डोंगराकडे पाठ करून.

गेल्या ऑक्टोबरात मात्र गाडी मध्येच थांबवली. उतारावर गवतासारखं काही हिरवं दिसलं म्हणून खाली पाय टाकला, तोच आवाज आला, "सकयल पळय गो बाय, रोपो आसा!" म्हणजे खाली बघ बाई, रोप आहे. बघते तर घोट्याएवढ्या अंतरावर मिरचीचं झाड, लालभडक मिरच्यांनी लगडलेलं. डोक्यावर टॉवेल, कमरेला टोपली, अशी एक आजी माझ्याकडे रागाने नव्हे, पण बारकाईने पाहत होती.

ही खोलची मिरसांग. रंग गडद, तिखटपणा बेताचा, म्हणून रेशादाला, म्हणजे माशात भरायच्या लाल मसाल्याला, आणि लोणच्याला हिचा मान. भौगोलिक मानांकनही मिळालं आहे तिला. मिरची आणली पोर्तुगीजांनीच, गडही घेतला त्यांनीच. गडाची तटबंदी ढासळली, मिरची मात्र दर पावसाळ्यात उगवते.

मी विचारलं, सपाट जागा सोडून या कड्यावर कशाला? आजी हसल्या. मिरचीला पाऊस हवा, पण पायाशी पाणी उभं राहिलेलं चालत नाही. उतारावर ते वाहून जातं. मे अखेरीस वाफ्यात बी टाकायचं, पाऊस धरला की रोपं डोंगरावर लावायची, चतुर्थीनंतर तोडणी. पाटाचं पाणी नाही, पंप नाही. याच डोंगरांवर पूर्वी कुमेरी चाले: झुडपं तोडून जाळायची, त्या राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. ती शेती गेली, पण उतार वाचायची नजर राहिली. आता खरा ताप माकडांचा आणि रानडुकरांचा. एका रात्रीत वाफा उलथून टाकतात.

तर श्रोतेहो, जाल तेव्हा गड बघाच, पण वाटेत उताराकडेही बघा. मळ्यात विचारल्याशिवाय शिरू नका. आणि मिरच्यांना हात लावून तोच डोळ्याला लावू नका. हे मी अनुभवाने सांगते आहे.

मिरच्या मी विकत घेतल्या. वजनकाटा नव्हताच. आजींनी पाचापाचाच्या मुठी करत शंभर मोजल्या, आणि वर एक जाडजूड, देठाला घट्ट अशी निवडून वेगळी दिली. "ही बियाक."

या मे महिन्यात मी ती मडगावच्या फ्लॅटच्या गच्चीत कुंडीत पेरली. सहा रोपं आली. पहिल्याच मोठ्या पावसात कुंडीत पाणी साचलं आणि पाच कुजली. सहाव्यासाठी मी कुंडीच्या एका बाजूखाली वीट सारून ती कलती केली आहे. शेजारी विचारतात, कुंडी वाकडी का? कालच तिला पहिलं फूल आलं.