बाटलीची मागची बाजू

नमस्कार श्रोतेहो. शाम्पूची बाटली किंवा एखादं क्रीम हाताशी असेल तर घ्या आणि मागची बाजू बघा. पुढे फुलं, पानं, ठळक अक्षरं. मागे डोळे ताणून वाचावी अशी बारीक यादी. आज बोलायचंय ते या यादीबद्दल.

पहिलं नाव बहुधा ‘अ‍ॅक्वा’ असतं, म्हणजे पाणी. नावं अवघड वाटतात, कारण ती आंतरराष्ट्रीय नामावलीतली आहेत. वनस्पती तिथे लॅटिन नावानं येतात. पण मला नावांपेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्याचं प्रमाण जास्त, ते आधी. मात्र १ टक्क्याच्या खालचे घटक कंपनी हव्या त्या क्रमानं लिहू शकते. ही १ टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण शोधता येते. ‘फिनॉक्सिएथेनॉल’ हे नाव बघा. हे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं द्रव्य. युरोपीय संघात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणून पुढे कोरफडीचं मोठं चित्र असेल आणि यादीत कोरफड ‘फिनॉक्सिएथेनॉल’नंतर आली असेल, तर ती फार तर १ टक्का आहे असं समजा. रेटिनॉलसारखे (हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप) काही घटक इतक्या कमी प्रमाणातही काम करतात, हेही खरं.

परिरक्षकांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण भीती इथेच सगळ्यात जास्त पसरली आहे. पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू आणि बुरशी वाढतात, डबीत रोज बोटं बुडतात. परिरक्षक नसेल तर धोका वाढतो. पॅराबेन या परिरक्षकांबद्दल लोकांच्या मनात भीती बसली, ‘पॅराबेन-फ्री’ची चढाओढ लागली, आणि अनेक उत्पादनांत त्याच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं परिरक्षक आलं. मग त्याच्या अ‍ॅलर्जीचे रुग्ण वाढले. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली त्याला ‘वर्षाचं अ‍ॅलर्जन’, म्हणजे अ‍ॅलर्जी करणारं द्रव्य, म्हटलं, आणि २०१७ पासून युरोपीय संघात न धुता अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत त्याला बंदी आली. त्याच संघटनेनं २०१९ मध्ये पॅराबेनला ‘अ‍ॅलर्जन नसलेला घटक’ म्हणून निवडलं! एखादी गोष्ट ‘नाही’ असं वेष्टनावर दिसलं, की तिच्या जागी काय घातलंय, हे म्हणूनच मी आधी शोधते.

‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ या एका शब्दामागे डझनावारी रसायनं असू शकतात. लिमोनीन आणि लिनालूल ही सुगंधी द्रव्यांची नावं वेगळी लिहिलेली दिसली, तर संवेदनशील त्वचेच्या मंडळींनी सावध व्हावं. दोन्ही नैसर्गिक तेलांतही असतात, आणि हवा लागून जुनी झाली की अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते. म्हणजे ‘नैसर्गिक’ शब्दानं निर्धास्त होण्यात अर्थ नाही. ‘अनसेंटेड’, म्हणजे बिनवासाच्या म्हणवणाऱ्या उत्पादनामध्येही मूळ वास झाकणारा सुगंध असू शकतो. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’, म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी, या शब्दासाठी अमेरिकेत १९७५ मध्ये नियम केला गेला. १९७७ मध्ये न्यायालयानं तो रद्द केला. म्हणून या शब्दावरही विसंबू नका.

उघड्या डबीचं चित्र आणि आत १२ आकडा दिसला, तर उघडल्यापासून १२ महिने वापरा. तारीख मार्करनं डबीवरच लिहा. खोका टाकण्याआधी यादीचा फोटोही काढून ठेवा. माझ्या पापण्या सुजल्या तेव्हा डॉक्टरांनी यादी विचारली, आणि खोका कधीच कचऱ्यात गेला होता.

आता गोरेपणाची क्रीमं. यादीत ‘मर्क्युरी’, ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरिक’ असं काही दिसलं तर तो पारा आहे. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. कधी यादीच नसते, पण सूचना असते: सोनं, चांदी, अ‍ॅल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नका. तीही पाऱ्याची खूण असू शकते. दागिन्याला जपायला सांगणारं ते क्रीम कृपा करून चेहऱ्याला लावू नका, आणि घरातल्या लहान मुलांच्या हाती तर अजिबात लागू देऊ नका.