काल्पनिक धातूला खोड हवी

मित्रहो, फँटसी रोलप्लेइंग खेळात खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि सूत्रधार त्यांच्यापुढे काल्पनिक जग उभे करतो. असा खेळ चालवणाऱ्या जवळपास प्रत्येक सूत्रधाराच्या वहीत स्वतः शोधलेला एक तरी धातू सापडतो. त्याचे नाव भारदस्त असते, रंग निळसर किंवा काळसर असतो आणि पुढे 'हल्ल्याला अधिक तीन' अशी नोंद असते. माझ्या वहीतही एक होता. तो वाटेल ते कापत असे. पहिल्याच बैठकीत खेळाडूंनी त्या तलवारीने एकाही शत्रूला हात लावला नाही. त्यांनी किल्ल्याचा दरवाजा कापला, मग तळघराची भिंत कापली, आणि मी तीन आठवडे खपून रचलेले सापळे जागच्या जागी ठेवून ते थेट खजिन्यात जाऊन उभे राहिले. त्यांचे काहीच चुकले नव्हते. धातूला गुण होता, खोड नव्हती, आणि ज्याला खोड नाही त्याच्याशी कोणाला जुळवून घ्यावे लागत नाही.

'अधिक तीन' या नोंदीचा अर्थही एकदा पाहून घेऊ. वार लागला की नाही हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरते आणि 'अधिक तीन' म्हणजे आलेल्या अंकात तीन मिळवायचे. या फाशावर एका अंकाची किंमत पाच टक्के असते, म्हणजे अधिक तीनमुळे शंभरातले पंधरा वार जास्त लागतात. ही मदत मोठी आहे, पण ती मंत्राने मिळाली काय, आशीर्वादाने मिळाली काय किंवा धातूमुळे मिळाली काय, खेळाडूच्या हाताला त्यातला फरक कळत नाही. धातू जाणवायचा असेल तर तो खाणीत, मुशीत, ऐरणीवर आणि वापरात कुठेतरी अडला पाहिजे.

खरे धातू असेच अडतात. लालबुंद पोलादी पात्याला पाणी दिले की ते कमालीचे कठीण होते, पण त्याच क्षणी काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो आणि घासून चकचकीत केलेल्या भागावर चढणारा रंग पाहत राहतो. सुमारे २३० अंश सेल्सियसला गवती पिवळा रंग येतो, तर ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यापर्यंत गेले तर पाते लवते पण धार लवकर जाते. एकाच लगडीतून दोन वेगळ्या स्वभावांच्या तलवारी निघतात, आणि हा निर्णय खेळाडूवर सोपवला तर त्यासाठी जादूची गरजही उरत नाही.

वजनाच्या बाबतीत तर आपण फारच बेफिकीर असतो. 'पिसासारखी हलकी तलवार' लिहायला छान वाटते, पण वार बसतो तो वजन आणि वेग यांच्या जोरावर. सव्वा किलोची पोलादी तलवार त्याच मापात टायटॅनियमची केली तर सुमारे सातशे ग्रॅम भरेल, सोन्याची केली तर तीन किलोंच्या वर जाईल. हलका धातू चिलखताला द्यावा, जड धातू गदेला द्यावा. सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. सोने इतके मऊ असते की मारून घेतली तरी धार आधी वळेल.

खोडी शोधायला कल्पनाशक्ती फार ताणावी लागत नाही. शुद्ध कथील सुमारे १३ अंशांखाली दीर्घकाळ राहिले तर त्याची करडी भुकटी होऊ लागते. हिमप्रदेशातल्या मोहिमेसाठी याहून चांगला रोग मला सुचणार नाही. जस्त ९०७ अंशांना उकळते, आणि खनिजातून ते सुटे करायला त्याहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे उघड्या भट्टीत ते हाती लागण्याआधीच वाफ होऊन निघून जाते. ती वाफ बंद मुशीतून थंड जागी उतरवण्याची युक्ती राजस्थानातल्या जावर येथे शेकडो वर्षांपूर्वी साधली होती. आगीतून पळून जाणारा धातू आणि त्याला पकडण्याची युक्ती जाणणारे एकच गाव, एवढ्यावर एक अख्खे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी सलग कथा, उभे राहते. कोबाल्ट हे नावच मुळी जर्मन खाणकामगारांच्या खोडकर भुतावरून पडले आहे, कारण त्या खनिजातून हवे ते निघत नसे आणि भाजताना विषारी धूर मात्र निघे.

सगळ्यात जवळचे उदाहरण जहांगीर बादशहाचे. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधर परगण्यात उल्का पडली. जमीन खणून तो तप्त गोळा काढला गेला आणि बादशहाने त्याची शस्त्रे करण्याचा हुकूम दिला. आपल्या खेळात अशा वेळी लगेच 'अधिक पाच' झाले असते. प्रत्यक्षात ते लोखंड घणाखाली टिकेना, त्याचे तुकडे पडू लागले. शेवटी तीन भाग आकाशातले लोखंड आणि एक भाग साधे लोखंड असे मिश्रण केल्यावर शस्त्रे घडली, आणि त्यांतली एक कट्यार आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. दैवी धातूला जमिनीवरच्या लोखंडाची भीक मागावी लागते, हे मला कोणत्याही शापापेक्षा जास्त आवडते.

यावरून मी 'नीरव' नावाचा धातू केला. तो आवाज गिळतो. त्याचे पाते म्यानातून निघताना, ढालीवर आदळताना, दगडावर पडतानाही वाजत नाही, त्यामुळे मारेकरी त्याच्यासाठी जीव टाकतात. पण लोहार पाते टिचकी मारून पारखतो. स्वच्छ नाद आला तर ते अखंड, बद्द आला तर आत कुठेतरी भेग. नीरवाला नादच नाही, म्हणून त्याची भेग कोणालाच ऐकू येत नाही. नियम असा केला की वार करताना फाशावर एक आला की मी माझ्या वहीत, कोणाला न दाखवता, एक रेघ ओढायची. चौथ्या रेघेला पाते तुटते. माझ्या हातातली पेन्सिल हलली की टेबलावर सगळे गप्प होत.

सहाव्या बैठकीत एका खेळाडूने विचारले, आपल्याकडे दिव्याचे तेल आहे ना? भुयाराच्या भिंतींवर खुणा करायचा खडूही आहे ना? त्याने पाते तेलात भिजवले, कोरडे पुसले, वर खडूची भुकटी फासली आणि थांबला. भेगेत तेल उरले असेल तर ते हळूहळू वर झिरपून भुकटीवर डाग पाडते. यंत्रांच्या भागांतल्या भेगा पूर्वी याच रीतीने शोधत असत. माझ्या वहीत तेव्हा तीन रेघा होत्या. मी त्याला सांगितले, की मुठीपासून चार बोटांवर केसाएवढी काळी रेषा उमटली आहे. बाहेर पहारेकऱ्यांची पावले जवळ येत होती, आणि खेळाडूंकडे दुसरे शस्त्र नव्हते.