टोटल १९६

(पहाट. ओसरीत कापसाचा ढीग. काकाजी चष्मा शोधताहेत.)

वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडच्या गावात आजारी पडायला कोणाला सवड नसते. काकाजींचा रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्टही आठवडाभर वेचणीच्या हिशोबाच्या वहीत पडून होता.

"टोटल तं १९६च हाये. दोनशेच्या आत. मंग डॉक्टरीणबाई कायले बोलावते?"

दोनशेचा आकडा आता गावोगावी पाठ आहे. पण मार्केट यार्डात गाडी काट्यावर तोलली, एवढ्यावर भाव ठरत नाही. ग्रेडर कापसात हात घालतो, ओल बघतो. रिपोर्टातही तसाच हात घालावा लागतो.

(रिपोर्टवर फिरणारं बोट.)

एचडीएल ३२. हे जास्तीचं कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं, म्हणून त्याला चांगलं म्हणतात. पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली गेलं की कमी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४०; ते १५० च्या आत हवं.

टोटलमध्ये चांगलंही मोजलेलं असतं. काकाजींची टोटल बरी दिसते ती चांगलंच कमी आहे म्हणून! १९६ मधून ३२ काढले, उरले १६४. हे नॉन-एचडीएल, रक्तवाहिन्यांत साचू शकणारं सगळं यात आलं. साधारण १३० च्या आत असावं. रिपोर्टवर छापलेलं नसलं तरी वजाबाकी घरी होते.

एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ११६ लिहिलंय, पण पुष्कळ लॅब ते थेट मोजत नाहीत. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. सूत्र १९७२ चं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही.

"माळ घातली तवापासून मटणाले हात नाही लावला मी."

खरं आहे. पण बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्याला माळेशी देणंघेणं नाही. ट्रायग्लिसराइड तर साखरेनं, मैद्यानं, दारूनं, पोटाच्या घेरानं वाढतं. बांधावरचा गोड चहा मोजायचा कोणी? (आणि तेलाच्या डब्यावरचं 'कोलेस्टेरॉल-फ्री' वाचून भुलू नका, शेंगदाण्याच्या, जवसाच्या तेलात ते मुळातच नसतं.)

(दवाखाना.)

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला.

"रक्त उपाशीपोटी दिलं होतं?"

"हो. फकत चहा पेलो होतो."

"शुगर? बीपी? वडील कशानं गेले? तंबाखूचा खर्रा किती लागतो?"

काकाजींचा हात बंडीच्या खिशावर गेला, आणि तिथंच राहिला.