टोपीखालचं डोकं

(दृश्य: यावल तालुक्यातलं गाव. ओटा. एका बाजूने कोवळं ऊन.)

मे महिना, सकाळचे आठ. पेन्सिलीने चेहरा काढायचा तर जळगावकडे हीच वेळ. दहानंतर ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांच्या खोबणी नुसत्या काळ्या दिसतात.

समोर आबा बसलेत. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी.

पहिली चूक ही टोपीच करायला लावते. टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. टोपीने कपाळ झाकलं की आपण दिसतो तेवढाच चेहरा मोजतो आणि कवटी वरून छाटल्यासारखी होते. म्हणून एचबीने, म्हणजे मध्यम कडक पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, आधी अख्खं डोकं काढायचं. मग त्यावर टोपी चढवायची. आबांचे दात गेलेत, त्यामुळे नाक आणि हनुवटी जवळ आलीत. इथे चेहऱ्याच्या तीन सारख्या भागांचा (केस ते भुवया, भुवया ते नाकाचा खालचा भाग, तिथून हनुवटी) नियम विसरा. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवून मोजा.

(दृश्य: गालावरच्या सुरकुत्या, जवळून.)

आता सुरकुत्या. नवखा माणूस इथे रेघा ओढतो आणि चेहरा तडकलेल्या मडक्यासारखा होतो. सुरकुती म्हणजे कातड्याची घडी. तिची एक कड धारदार असते, दुसरी हळूहळू उजेडात विरते. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे जातात आणि सावलीचे मोठे आकार उरतात. ते २बीने एकसारखे भरायचे (बीचा आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी). घड्या त्यानंतर, आणि दिसतात त्याच्या निम्म्याच. ४बी फक्त नाकपुडीत, ओठांच्या फटीत, टोपीच्या काठाखाली.

रापलेला रंग दाखवायला ६बी दाबून घासली, तर ग्रॅफाइटचे कण कागदावर सपाट बसतात आणि काळं दिसायच्या ऐवजी चमकतं. थरावर थर द्या, दिशा बदलत.

टोपीला बाहेरून रेघ नको. मागची भिंत करडी करा, टोपी आपोआप पांढरी होते.

हाताखाली मात्र बटर पेपर हवाच. घामाचा तेलकट डाग पडला की तिथे शिसं नीट धरत नाही. बोटाने घासलेली सावलीही अशीच डागाळते.

शेवटी फिक्सेटिव्ह, म्हणजे शिसं कागदावर पक्कं करणारा फवारा: फूटभर अंतरावरून, मोकळ्या हवेत, दोन पातळ हात. त्यानंतर खोडणं जमत नाही. चित्र आबांच्या हातात द्यायचं ते हे वाळल्यावरच, कारण ते आधी गालावरून बोट फिरवून बघणार.