'वाङ्मय'मधला ठिपका आणि दमलेले डोळे

नमस्कार, श्रोतेहो.

'वाङ्मय' या शब्दातल्या 'ङ'शेजारचा ठिपका गळला की 'वाड्मय' असा चुकीचा शब्द छापून जातो. मुद्रितशोधन करणाऱ्याची नजर अशा जागी आपोआप थबकते. गेल्या वर्षी मात्र, इंदुरातल्या एका मराठी दिवाळी अंकाची पाने तपासताना, हा हरवलेला ठिपका सलग तीन पानांवर माझ्या नजरेतून निसटला. त्याच सुमारास मी फोर के पडद्याचा नवा लॅपटॉप घेतला होता. पडदा जितका बारकाव्याचा तितका डोळ्यांना आराम, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपे, आणि रामबागेतल्या घराच्या गच्चीवर जाऊन रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी पाहिली, तर तिची अक्षरे काही क्षण धूसर दिसत.

असे का होते, हे आकड्यांतून चटकन ध्यानात येते. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार पिक्सेल, अर्थात चित्र घडवणारे बारीक प्रकाशबिंदू, असतात. फोर के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. १५.६ इंची पडद्यात ते बसवले की एका पिक्सेलची रुंदी अवघी ०.०९ मिलिमीटर उरते. निरोगी डोळ्यालाही ६० सेंटिमीटरवरून साधारण ०.१७ मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन खुणा वेगळ्या ओळखता येत नाहीत. अक्षरे मोठी करण्याची सोय, जिला स्केलिंग म्हणतात, १०० टक्क्यांवर असेल, तर 'ङ'चा ठिपका जेमतेम एक-दोन पिक्सेलांत रंगवला जातो आणि दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर येऊन थांबतो. अनुस्वार, रफार, 'घ' आणि 'ध' यांतला फरक, हे सारे याच सीमेवरचे. अख्खे पान एका नजरेत मावावे म्हणून ते स्केलिंग मीच १०० वर आणून ठेवले होते.

अक्षर बारीक झाले की माणूस नकळत पुढे झुकतो. अंतर जितके कमी, तितका डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूला ताण अधिक, आणि दोन्ही बुबुळांना आतही अधिक वळावे लागते. चाळिशीनंतर भिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे हा ताण आणखी जाणवतो. म्हणून मला आग्रहाने सांगावेसे वाटते, की बारीक पिक्सेल हे अक्षर रेखीव करण्यासाठी वापरावेत, पडद्यावर अधिक मजकूर कोंबण्यासाठी नव्हे.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने गेल्यावर स्केल सापडते. अशा पडद्यासाठी ते २०० ते २५० टक्के ठेवावे. पुष्कळ जण त्याऐवजी रिझोल्यूशन, म्हणजे चित्रासाठी वापरायच्या पिक्सेलांची संख्या, उतरवतात. त्याने अक्षर मोठे होते खरे, पण बहुधा त्याच्या कडा पुसट होतात आणि पडद्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. पानांची मांडणी करणारी काही जुनी सॉफ्टवेअर स्केलिंग मानत नाहीत आणि त्यांचे मेनू मुंगीएवढे दिसतात. अशा सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी आणि हाय डीपीआय सेटिंग या मार्गाने गेल्यास, स्केलिंगचे काम विंडोजकडे सोपवता येते. मला याचा फार उपयोग झाला.

अक्षराखालोखाल महत्त्वाचा प्रकाश. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरावा; पडदा त्याहून दिव्यासारखा झगझगत असेल तर उजेड कमी करावा, मळकट दिसत असेल तर वाढवावा. खिडकी पाठीशी किंवा समोर नसावी, बाजूला असावी. काही ओलेड पडदे, म्हणजे ज्यांतला प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असे पडदे, उजेड कमी केल्यावर अतिशय वेगाने लुकलुकतात आणि काहींना त्याने डोकेदुखी होते. त्यांनी पडद्याचा उजेड थोडा वाढवून खोलीतलाही वाढवावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात खूप होते, परंतु २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा जो आढावा घेतला, त्यात साध्या काचांच्या तुलनेत निदान थोड्या काळापुरता तरी डोळ्यांचा शीण कमी झाल्याचे दिसले नाही. केवळ तेवढ्यासाठी कोणी खर्च करू नये, असे माझे मत आहे.

वाळू खुपल्यासारखे वाटण्याचे कारण वेगळे आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि अश्रूंचा पातळ थर सुकतो. त्यात मे महिन्यातली माळव्याची कोरडी हवा आणि थेट तोंडावर येणारा कूलरचा झोत! कूलरचे तोंड वळवावे, पडद्याची वरची कड नजरेच्या किंचित खाली राहील असे बसावे, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे वीस फुटांपलीकडे पाहावे. मी गच्चीवर जाऊन तीच दुकानाची पाटी वाचतो.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेल्या, काचांचा चष्मा वापरणाऱ्यांना वाचनाचा नंबर भिंगाच्या खालच्या भागात मिळतो. त्यामुळे पडदा वाचताना ते हनुवटी वर उचलतात आणि मान आखडते. पडदा आपल्यापासून किती सेंटिमीटरवर आहे हे मोजून नेत्रतपासणीच्या वेळी सांगावे. तेवढ्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून मिळतो. मात्र अचानक दिसेनासे झाले, प्रकाशाच्या रेषा चमकू लागल्या किंवा काळे ठिपके एकदम वाढले, तर हा पडद्याचा शीण समजू नये आणि विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

घरी एक चाचणी करून पाहता येईल. नेहमी वाचता तो मजकूर पडद्यावर ठेवा आणि बसता त्याच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे दोन-एक मीटर मागे, उभे राहा. नेहमीचा चष्मा लावून तो मजकूर कसाबसा का होईना वाचता आला, तर अक्षराचा आकार पुरेसा आहे. नाही आला, तर स्केल २५ टक्क्यांनी वाढवा आणि पुन्हा मागे जा. मी ही चाचणी 'वाङ्मय' याच शब्दावर केली होती. 'ङ'चा ठिपका मला २२५ टक्क्यांवर दिसला.

नमस्कार.