आखूड पंखांचा भुंगेरा आणि एका डोंगराचा पत्ता

(दृश्य : बामणोलीचा धक्का, पहाट. शिवसागर जलाशयावर धुके.)

सातारा जिल्ह्यातील बामणोलीच्या धक्क्यावरून लाँच सुटली, की प्रवाशांच्या नजरा पलीकडच्या वासोटा किल्ल्याकडे लागतात. पाठीशी कास-बामणोलीची रांग, समोर सह्याद्रीची मुख्य रांग आणि मधे कोयनेचे खोरे, ज्याचा तळ धरण झाल्यापासून पाण्याखाली गेला आहे. माणूस हे पाणी सकाळी ओलांडतो आणि संध्याकाळी परततो. पाच मिलिमीटर लांबीचा, पंख गमावलेला आणि ओल्या पाचोळ्याबाहेर तग न धरणारा एखादा भुंगेरा मात्र धरण नव्हते तेव्हाही या रांगेवरून त्या रांगेवर सहजी गेला नसता, कारण खोऱ्याचा उन्हाळ्यात तापून कोरडा पडणारा तळ त्याच्यासाठी पाण्याइतकाच परका आहे. डोंगरमाथ्यावरच्या भुंगेऱ्याची नवी जात कशी ओळखली जाते हे समजून घ्यायचे, तर या खोऱ्याच्या काठावरूनच सुरुवात करायला हवी.

इंग्रजीत ज्यांना रोव्ह बीटल, म्हणजे भटके भुंगेरे, म्हणतात, त्यांचे शास्त्रीय कुळ स्टॅफिलिनिडी. या कुळात आजवर ६०,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठ्या कुळांमध्ये त्याची गणना होते. शेणाचा पो उलटला किंवा कुजके लाकूड उचलले, की जो काळसर, लांबट कीटक लगबगीने पळतो आणि डिवचल्यावर पोटाचे टोक विंचवासारखे वर उचलतो, तो बहुधा याच कुळातला असतो. त्याला नांगी नसते. पीडेरस या एका प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) भुंगेरे अंगावर चिरडले गेले, तर त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि अनेक घरांना या कुळाची ओळख तेवढ्यापुरतीच असते. ही ओळख फार अपुरी आहे. यातील असंख्य जाती माश्यांची अंडी, लहान अळ्या आणि मातीतील बारीक जीव खाऊन पाचोळ्याखालचा समतोल राखत असतात.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालचा भुंगेरा. संथ गतीने जवळून.)

इतर भुंगेऱ्यांचे पुढचे पंख टणक होऊन सारी पाठ झाकतात. येथे ते पोलक्यासारखे आखूड असतात आणि पोटाचे बहुतेक खंड उघडे राहतात. त्यामुळे शरीर लवचिक होते आणि मातीच्या फटीत शिरता येते. उडणाऱ्या जातींमध्ये या आखूड कवचाखाली मोठे, पारदर्शक पंख घडी घालून ठेवलेले असतात. जपानी संशोधकांनी २०१४ साली जलद गतीच्या कॅमेऱ्याने ही घडी टिपली, तेव्हा डावा आणि उजवा पंख वेगवेगळ्या पद्धतीने दुमडला जातो आणि पोट वळवून तो आत सारला जातो, हे स्पष्ट झाले. साडीच्या निऱ्या खोचणारा सराईत हात पाहावा, तशी ती हालचाल आहे.

डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या कित्येक जातींनी हे पंख टाकून दिले आहेत. वर्षानुवर्षे एकाच ओल्या जंगलात अन्न मिळत असेल, तर उडण्याचे स्नायू पोसणे महाग पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या पंख खुरटत जातात. त्याची खूण पाठीवर दिसते : उडणाऱ्या जातींत पोटाच्या सातव्या खंडाच्या मागच्या कडेला पांढुरकी, अतिशय बारीक झालर असते, पंख गमावलेल्या जातींत ती सहसा नाहीशी झालेली असते. हिमालयात आणि चीनच्या पर्वतांत लॅथ्रोबियम व नाझेरिस या प्रजातींतील अशा अनेक जाती सापडल्या असून त्यांतील कित्येक एकाच डोंगरावर किंवा एकाच लहानशा रांगेत आढळतात. सह्याद्रीच्या माथ्यावर पाचोळा चाळणाऱ्या अभ्यासकाच्या मनात म्हणूनच पहिला प्रश्न येतो, तो या झालरीचा.

(दृश्य : महाबळेश्वरच्या पठारावरील रान, पावसाची झड.)

अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे हे बुटके, दाट रान. वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन आलेला अभ्यासक झाडाच्या बुंध्याशी बसतो, वरचा पातेरा बाजूला सारून खालचा काळा, भिजका थर मुठीने उचलतो आणि गहू चाळावेत तसा मोठ्या चाळणीतून कापडी पिशवीत चाळतो. खाली पडलेला भुगा मुक्कामी आणून नरसाळ्यात जाळीवर पसरला जातो आणि वर दिवा लावला जातो. वरून थर सुकू लागला, की ओल शोधत कीटक खाली सरकतात आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. चाळून उरलेला पातेरा त्याच बुंध्याशी पुन्हा पसरून ठेवायचा असतो. ही रीत पाळणाऱ्या अभ्यासकाविषयी मला विशेष आदर वाटतो.

पुढचे काम संथ आहे. डोक्याची रुंदी, पूर्ववक्षाची म्हणजे डोक्यामागच्या भागाची लांबी, पंखकवचाची कड, पाठीवरील टिंबांसारख्या खळग्यांची दाटी, डोळ्यांचा आकार, सारे मोजले जाते. तरीही दोन जाती बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात. अशा वेळी नराच्या पोटाचे टोक अतिशय बारीक सुयांनी उघडून त्याचा प्रजनन अवयव वेगळा करतात आणि बाजूने व खालून त्याचे चित्र काढतात. निवाडा बहुतेक वेळा तेथेच होतो.

मग तुलना. भारतातील या कुळाच्या अभ्यासाचा पाया ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सक माल्कम कॅमेरॉन यांनी घातला. १९३० ते १९३९ या काळात त्यांचे या कुळावरील ग्रंथाचे खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जुन्या वर्णनांत रंग आणि आकार तपशिलाने येतात, अवयवांची चित्रे क्वचितच. म्हणून शंका आली, तर मूळ नमुनाच पाहावा लागतो. साताऱ्यात चाळलेल्या मुठीभर मातीचा निकाल अशा प्रकारे लंडनच्या कपाटातही अडकलेला असू शकतो.

(दृश्य : टाचणी, कागदी पट्टी, लाल चिठ्ठी.)

जात नवी ठरली, तर नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय आहेत. लॅटिन वळणाचे दोन शब्दांचे नाव, इतरांहून वेगळेपणा सांगणारे वर्णन आणि होलोटाइप म्हणून निवडलेला एकच नमुना, ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले जाते. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था असे नमुने सांभाळते. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. नावात गावाची किंवा नदीची ओळख ठेवण्याची प्रथा आपल्याकडेही रुजली आहे. चाळकेवाडीच्या पठारावरील पालीला २००८ साली सातारेन्सिस हे नाव मिळाले आणि त्यापूर्वी १९६३ साली कोयनेच्या बेडकाला कोयनायेन्सिस.

टोकदार कागदी पट्टीवर चिकटवलेल्या त्या भुंगेऱ्याखाली होलोटाइपची खूण म्हणून लाल चिठ्ठी असते आणि तिच्यासोबत आणखी एक, अगदी साधी : जिल्हा, डोंगराचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, कोणत्या झाडाखालचा पाचोळा, दिनांक. पंख नसलेल्या जातीच्या बाबतीत ही दुसरी चिठ्ठी मला अधिक मोलाची वाटते, कारण तो डोंगर वणव्यात जळाला, तर पलीकडच्या रांगेवरून उडत येऊन ती जागा भरणारे कोणी नसते.

अनेकदा चाळणीत फक्त माद्याच मिळतात. बाहेरून सारे वेगळे दिसत असले, तरी नर हाती आल्याशिवाय जाणता अभ्यासक नाव देण्याची घाई करत नाही. त्या माद्यांची बाटली ठिकाण आणि तारीख लिहून कपाटात ठेवली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच झाडाखाली पुन्हा चाळणी धरली जाते.